वेल्डरच्या रक्ताला नेमके काय विचारायचे?

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अंबडमधील फॅब्रिकेशन शॉपच्या वेल्डरांच्या रक्तातील जनुक-अभिव्यक्ती (म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत ते) तपासण्याचा तुझा आराखडा वाचला. विषय निकडीचा आहे; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला आहे. मात्र ही चाचणी धूर मोजत नाही, धुराला पेशींनी दिलेला प्रतिसाद मोजते, हे तुझ्या आराखड्यात कुठेच स्पष्ट होत नाही. धुरातले मँगनीज किंवा क्रोमियम शरीरात किती गेले, यासाठी रक्त-लघवीची रासायनिक तपासणीच हवी. दाहाशी निगडित जनुके धुराने सक्रिय होतात, तशीच ती सर्दी-तापाने, विडीने आणि रात्रपाळीच्या जागरणानेही होतात.

म्हणून वेल्डरची तुलना ऑफिसातल्या कारकुनाशी करू नकोस. त्याच कामगाराचे पाळीपूर्वीचे व पाळीनंतरचे रक्त घे, आणि अनेक जनुकांची अभिव्यक्ती दिवसाच्या प्रहरानुसार बदलत असल्यामुळे, सुट्टीच्या दिवशी त्याच दोन वेळांना पुन्हा घे. (सुट्टीच्या दिवशी कोण येईल, हे आधी विचारून ठेव.) प्रत्येक नमुन्याबरोबर पांढऱ्या पेशींची वर्गवार मोजणी करच; न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) नुसते वाढले तरी नमुन्यात त्यांच्या आरएनएचे, म्हणजे सक्रिय जनुकांपासून बनणाऱ्या आणि ही चाचणी मोजते त्या रेणूंचे, प्रमाण वाढते, आणि जनुकांनी प्रतिसाद दिला असा आपला समज होतो. धुराचा सॅम्पलर (हवेतील धुराचा नमुना घेणारे उपकरण) खांबाला टांगू नकोस; तो कामगाराच्या कॉलरला, चेहऱ्यावरच्या शील्डच्या आत हवा.

आरएनए फार लवकर तुटतो. साध्या नळीत रक्त घेऊन ते दुपारभर गाडीत ठेवलेस, तर प्रयोगशाळेत त्या प्रवासाचीच नोंद सापडेल. आरएनए स्थिर करणारी पॅक्सजीन नळी घे, त्यात 2.5 मिलिलिटर रक्त भर, आणि ती लगेच आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी कर. जोराने हलवायची नाही.

एका माणसाच्या अहवालावरून त्याला आजार आहे किंवा नाही, असे कुणालाही सांगू नकोस, कारण तेवढा आधार या चाचणीला अजून नाही. गटाचा निष्कर्ष मात्र धूर ओढून घेणारी यंत्रणा बसवण्यासाठी उपयोगी पडेल. व्यवस्थापन नावे मागेल, आणि ठेकेदाराकडच्या कामगाराला त्यापायी घरी बसवणे फार सोपे असते. तेव्हा व्यवस्थापनाला केवळ विभागवार आकडे मिळतील, हे पहिली नळी भरण्यापूर्वी लेखी घे.

तुझा,
सर