जुना टीव्ही गेम भंगारात देण्याआधी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या व्हिडिओ गेमवर छोटंसं टिपण दिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे इथे घेतोय.

माळा साफ करताना ९५-९६ सालचा टीव्ही गेम सापडला. दोन रिमोट आहेत, एक पिवळी कॅसेट आहे, अ‍ॅडॉप्टर नाही. वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर लाइटच लागत नाही. रिपेअरवाला म्हणतो भंगारात टाका. काही होईल का? (वाचक, कोल्हापूर)

होईल हो, टाकू नका! आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते सांगतो. निन्टेन्डोने जपानमधे १९८३ ला फॅमिकॉम काढला, १९८५ ला तोच अमेरिकेत एनईएस म्हणून गेला, आपल्याकडे मात्र घरोघरी आले ते फॅमिकॉमचे क्लोन (दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या नकला), लिटल मास्टर असल्या नावांचे. काही कलेक्टर त्यांना नकली म्हणून हात पण लावत नाहीत, पण आपण मारिओ, कॉन्ट्रा, टँक सगळं खेळलो ते याच्यावरच ना, मग आपल्यासाठी विंटेज हेच आणि हे आपण नाही सांभाळलं तर दुसरं कोण सांभाळणार.

आता अ‍ॅडॉप्टर. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला पिनच्या आतल्या बाजूला प्लस असतो आणि यातल्या बऱ्याच मशीनला आत मायनस लागतो (ओरिजिनल फॅमिकॉम पण तसाच होता). उलटा लावला तर नशीब असेल तर नुसतं चालू होत नाही, नसेल तर आतलं काहीतरी जळतं, त्यामुळे तो आता परत लावून बघू नका. मशीनच्या खाली गोल चिन्ह असतं, मधे ठिपका आणि दोन्हीकडे प्लस मायनस, ते बघा. स्टिकर गेला असेल तर खालचे स्क्रू काढून मशीन उघडा, आत एक तीन पायांचा काळा पार्ट दिसेल, बहुतेक पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला, वर ७८०५ असं लिहिलेलं, तो येणाऱ्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक त्या मधल्या पायाला आणि दुसरं जॅकच्या (अ‍ॅडॉप्टर जिथे खुपसतो ते भोक) आतल्या पिनेला लावा, बीप वाजला की समजायचं आत मायनस, आणि बाहेरच्या कडेला वाजला तर आत प्लस. त्याप्रमाणे ९ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअरचा डीसी अ‍ॅडॉप्टर घ्या.

मग सप्लाय देऊन मोजा. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडचा पाय इनपुट, उजवीकडचा आउटपुट. डावीकडे ९ च्या आसपास (जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर असेल तर १२ पण दाखवेल, घाबरू नका) आणि उजवीकडे ५ आला की सप्लाय ठीक. डावीकडेच काही येत नसेल तर जॅकचे टाके (सोल्डरचे जोड) आणि ऑन-ऑफ स्विच बघा, टाके सुटलेले अगदी सर्रास सापडतात. डावीकडे आहे आणि उजवीकडे नाही तर बहुतेक ७८०५ गेला, तो काही रुपयांत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. पण तो लगेच चटका बसेल इतका तापत असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, तेव्हा बंद करून जाणकाराला दाखवा.

लाइट लागला आणि स्क्रीन नुसती काळी किंवा एकाच रंगाची राहिली तर संशय कॅसेट आणि स्लॉटवर. कॅसेटला ६० पिना असतात, एखादी जरी नीट टेकली नाही तरी गेम चालू होत नाही. फुंकर मारू नका! तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि त्या हळूहळू गंजतात, आपण सगळ्यांनी लहानपणी हेच केलं म्हणून तर आज कॅसेटी हिरव्या पडल्यात. मऊ पांढऱ्या खोडरबरने पिना हलक्या हाताने घासा, कण झटका, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. तीच कॅसेट पिना किंचित ओल्या असताना स्लॉटमधे चार-पाच वेळा आत-बाहेर केली की स्लॉट पण साफ होतो. पूर्ण वाळू द्या आणि मगच चालू करा.

एवढं करूनही काही नाही तर बोर्डावर डांबरासारखा काळा गोळा असेल तो बघा, त्याच्याखालीच मेन चिप असते, ती गेली तर तो बोर्ड दुरुस्त होत नाही. पण तशी वेळ फार थोड्या मशीनवर येते. पहिल्या दोन गोष्टी तपासल्याशिवाय कोणी भंगार म्हणालं तर ऐकू नका.

पुण्या-मुंबईत जुने कन्सोल (गेमची मशीन) शोधायचे कुठे आणि घेताना फसायचं कसं नाही? (वाचक, पिंपरी)

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो तिथे, आणि मुंबईत चोर बाजारात. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली पार्टसाठी चांगल्या, अख्खा कन्सोल तिथे मिळेलच असं नाही. ओएलएक्सवर रोज बघत राहावं लागतं. पण मला विचाराल तर सगळ्यात चांगला माल घरांमधेच पडलाय, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाका, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी टाकलात तर अजून बरं, आणि ओळखीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवा.

घेताना बघायचं ते स्क्रू. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर आधी कोणीतरी उघडलंय, मग भाव तसा करा. हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. जॅकपाशी नाक नेऊन वास घ्या, जळका वास वर्षानुवर्षं जात नाही. ऑनलाइन असेल तर फोटोवर जाऊ नका, गेम चालू करून रिमोटचं एकेक बटन दाबतानाचा व्हिडिओ मागा, ‘चालू होता, आता टीव्ही नाही म्हणून चेक केला नाही’ असं म्हणाले की बंद आहे असं धरूनच पैसे बोला. आणि एचडीएमआयचा स्टिक, ‘दहा हजार गेम’ वगैरे लिहिलेला कोणी रेट्रो म्हणून विकत असेल तर ते नवीन एम्युलेटर (जुन्या मशीनची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) आहे, खेळायला घ्या हवं तर, जुनं समजून घेऊ नका.

स्लिम पीएस२ (सोनीचा प्लेस्टेशन २) डिस्क फिरवतो आणि मग ‘डिस्क रीड एरर’ देतो. नवीन लेन्स टाकू का? (वाचक, नागपूर)

थांबा, आधी एक चाचणी करा. पीएस२ च्या काही गेम सीडीवर यायच्या, त्यांची खालची बाजू निळी असते, आणि डीव्हीडीवरच्या चंदेरी असतात. सीडी आणि डीव्हीडीसाठी लेसर वेगवेगळा लागतो, त्यामुळे एक प्रकार नीट चालतोय आणि दुसरा अजिबात नाही असं असेल तर त्या बाजूचा लेसर थकला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही चालत नसतील तर बऱ्याचदा नुसती धूळ असते.

स्लिममधे झाकण उघडलं की लेन्स समोरच दिसते. अल्कोहोलचा बड जेमतेम ओला करून मधून बाहेर हलकेच फिरवा, दाबू नका, ती बारीक स्प्रिंगवर तरंगत असते. लेन्स ज्या दांड्यांवर सरकते तिथलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं, ते पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावा. आणि चाचणी ओरिजिनल डिस्कवरच करा, आपल्याकडे फिरल्या त्या घरी राइट केलेल्या डीव्हीडी वाचायला लेन्सला मुळातच जड जातात. लेसरवरचा छोटा पॉट (लेसरची ताकद कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू) फिरवायचा सल्ला खूप जण देतात, तो सगळं करून झाल्यावरचा शेवटचा उपाय आहे, त्याने लेसर थोडे दिवस चालतो आणि मग लवकर जातो.

जाडा पीएस२ असेल तर त्याच्या आत २३० व्होल्टचा सप्लाय आहे, वायर काढून बराच वेळ जाऊ द्या, आणि तरीही सप्लायच्या बोर्डाला हात लावू नका.

बाबांच्या लहानपणीचा गेमबॉय आहे, त्यात पोकेमॉन चालतो पण सेव्ह केलेलं बंद केल्यावर जातं. मी नववीत आहे, मला जमेल का? (वाचक, सातारा)

जमेल तुला. कॅसेटच्या आत एक बटनसेल असतो, मशीन बंद असताना सेव्ह तोच धरून ठेवतो, तो संपलाय. कॅसेटचा स्क्रू वेगळा असतो, त्याला ३.८ मिमीचा गेमबिट (खास स्क्रू ड्रायव्हर) लागतो, ऑनलाइन मिळतो. उघडल्यावर सेलवरचा नंबर वाचून तोच घे, पण पत्र्याच्या दोन पट्ट्या आधीच जोडलेला घे, कारण साध्या सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो फुटू शकतो. प्लस मायनसचा फोटो काढून ठेव. आधी एखाद्या बंद पडलेल्या रेडिओच्या बोर्डावर टाके काढायचा-घालायचा सराव कर, आणि कॅसेटचं सोल्डरिंग बाबांना शेजारी बसवून कर, खिडकी उघडी ठेवून. बाबांचा जुना सेव्ह परत येणार नाही, ते त्यांना आधीच सांग.

जाता जाता गेमबॉयचं मागचं झाकण पण उघडून बघ, पेन्सिल सेल फुटून पांढरं-हिरवं काही जमलं असेल तर व्हिनेगरच्या बडने पूस, नंतर अल्कोहोलने.

टीव्ही गेमची बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालतच नाही, खराब आहे का? (वाचक, ठाणे)

बहुतेक नाही. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो चौकोन शोधतो. हे गणित पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बसवलेलं आहे, एलईडी टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते. जुना डबा टीव्ही मिळवा, कोणी फुकट पण देईल, फक्त तो मागून उघडू नका, ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात.

भाऊ न्यू जर्सीहून ओरिजिनल एनईएस आणतोय. इथे चालेल? (वाचक, डोंबिवली)

चालेल, पण त्याचा अ‍ॅडॉप्टर इथल्या प्लगला लावायचा नाही, तो १२० व्होल्टचा आहे, २३० वर जळेल. अमेरिकन एनईएसचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो आणि मशीनच्या आत त्याचा डीसी होतो, म्हणून इथला ९ व्होल्ट १ अ‍ॅम्पिअरचा डीसी अ‍ॅडॉप्टर पण चालतो, प्लस कुठेही असला तरी. उलटं मात्र कधी करू नका, एनईएसचा एसी अ‍ॅडॉप्टर आपल्या क्लोनला लावला तर क्लोन गेलाच समजा. टीव्हीला पिवळ्या-लाल एव्ही वायरने जोडा, आजचे बरेच टीव्ही त्यावर एनटीएससी (अमेरिकेतला टीव्ही सिग्नलचा प्रकार) घेतात. इथल्या कॅसेटी त्यात बसणार नाहीत, त्याला ७२ पिना लागतात, ६० ते ७२ चा कन्व्हर्टर भावाकडूनच मागवून घ्या.

काकांनी कुवेतहून आणलेला पहिला एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) कपाटात नीट गुंडाळून ठेवलाय, चालू स्थितीत आहे. उघडायची काय गरज? (वाचक, मडगाव)

गरज आहे, आणि शक्य तितक्या लवकर. २००१ च्या त्या पहिल्या एक्सबॉक्समधे घड्याळासाठी एक बुटका गोल कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) आहे, अंगावर २.५ व्होल्ट आणि १ फॅरड लिहिलेला, तो मशीन बंद असलं तरी गळतो आणि ते पाणी बोर्डावरच्या बारीक रेषा खातं. मशीन आपोआप चालू व्हायला लागलं किंवा बटन दाबून चालूच होईना तर अनेकदा कारण हेच असतं. गोव्याच्या दमट हवेत तर मी एक पावसाळा पण थांबणार नाही. सगळ्यात शेवटचं १.६ व्हर्जन तेवढं यातून सुटलंय, आधीच्या सगळ्यांत हा धोका आहे.

वायर काढून ठेवा, थोड्या वेळाने उलटं करा, स्क्रू खालच्या रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली लपलेत, टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर) टी२० लागेल, आत टी१०. कपॅसिटर काढून टाका, त्याच्याशिवाय मशीन मस्त चालतं, फक्त वायर काढली की तारीख-वेळ परत टाकावी लागते. खालची जागा अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा, रेषा तुटलेली दिसली तर तिथे बारीक वायर टाकून घ्या. हार्ड डिस्कला मात्र हात लावू नका, ती त्याच बोर्डाला लॉक केलेली असते, दुसरी तशीच लावली तर मशीन सरळ एरर देतं.