आईपासून लपवू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. 'बाई, आईला ओव्हरीचा कॅन्सर निघालाय. तिसरी स्टेज. तिला सांगितलेलं नाही. मामा म्हणतो सांगू नका, खचेल. काय करू?' मी लगेच फोन करणार होते. पण तुमचं घर दोन खोल्यांचं. तू दबक्या आवाजात बोलशील आणि आई अंधारात डोळे उघडे ठेवून ऐकत राहील, असं वाटलं. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, लोकलमध्ये वाचलंस तरी चालेल.

सांग. आईला सांग.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1996 साली माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, तोंडाचा कॅन्सर झाला. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. दादा गिरणीतले. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता, त्याची जखम झाली, ती भरेना. बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या हातात पडला आणि आम्ही तिघा भावंडांनी जिन्यातच ठरवलं, दादांना कळू द्यायचं नाही. 'परळला मोठे डॉक्टर आहेत, जखम दाखवून येऊ' एवढंच सांगून त्यांना टाटा कॅन्सर हॉस्पिटलला नेलं. बाळा, ते हॉस्पिटल परळमध्ये 1941 पासून उभं आहे. 1982 च्या संपापर्यंत सत्तावीस वर्षं दादा पाळीला जाताना त्याच रस्त्यानं चालत गेले होते. त्या दारातून कोण आत जातं, हे गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आणि आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो.

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. फाइल माझ्या पिशवीत, ते माझ्या मागून चालत. डॉक्टर बोलायला लागले की आम्ही त्यांना 'दादा, तुम्ही बाहेर बसा' म्हणायचो आणि ते उठून बाहेर बाकावर जाऊन बसायचे. आठ महिन्यांनी ते गेले. तेराव्याला त्यांच्या भजनी मंडळाचे बुवा आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'तुझ्या बापाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला म्हणाला, पोरांना कळू देऊ नका मला कळलंय म्हणून, पोरं खचतील.'

आम्ही त्यांना वाचवत होतो आणि ते आम्हाला. त्या आठ महिन्यांत एका खोलीत राहून आम्ही एकमेकांशी एक खरं वाक्य बोललो नाही. त्यांना काय हवं होतं, कशाची भीती वाटत होती, कुणाला भेटायचं होतं का, काही विचारता आलं नाही. ऑपरेशनचं दुःख कमी झालं, मृत्यूचंही झालं. हे आजही तसंच आहे.

म्हणून सांग. पण एका दमात सगळं ओतू नकोस. आधी तिलाच विचार, 'आई, रिपोर्टबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय?' ती 'सगळं सांग' म्हणाली तर सगळं. 'तुम्हीच काय ते बघा' म्हणाली तर तेही तिचंच उत्तर आहे, मात्र डॉक्टरांच्या खोलीतून तिला बाहेर काढू नका. 'कॅन्सर' हा शब्द तिला माणसाच्या तोंडून ऐकू दे, हॉस्पिटलच्या पाटीवरून कळू देऊ नकोस. आणि तिसरी स्टेज ऐकल्यावर ती 'किती दिवस?' असं विचारेल. स्टेज हे आजार कुठवर पसरलाय याचं माप आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तिसरी म्हणजे तो ओटीपोटाबाहेर, पोटाच्या आतल्या अस्तरावर किंवा लसिकाग्रंथींत गेलाय. त्यावरून दिवस मोजता येत नाहीत. आजार गंभीर आहे, हे तिला खोटं वाटेल असं काही बोलू नकोस. पण त्यावर केमो आहे, ऑपरेशन आहे, आणि आधी काय करायचं हे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. एवढं खरंखुरं तू तिला सांगू शकतोस.

आता थोडं कामाचं. एक वही कर. तारीख, वजन, ताप, काय खाल्लं, कुठे दुखलं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. बहुतेक वेळा केमो दर 21 दिवसांनी असतो आणि दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा ताप 100.4 वर गेला तर रात्र असो, पाऊस असो, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. थर्मामीटर आजच आण. पैशासाठी लाजू नकोस. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचार, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. लोकलच्या अपंगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटला प्रवास करता येतो, कागद जवळ असू दे. आणखी एक, अंडाशयाचा कॅन्सर काही घरांत आनुवंशिक असतो, म्हणून डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचार. ते तुझ्यासाठी आणि विशेषतः ताईसाठी. ताईला हे घाबरवून सांगू नकोस, पण सांग.

बाबांबद्दल तू लिहिलंस की ते नुसते गॅलरीत बसून असतात, काही बोलत नाहीत, तुला त्यांचा राग येतो. रागावू नकोस. आयुष्यभर ज्या माणसाला हातात गरम ताट मिळालं, त्याला आता काय करायचं हेच कळत नाहीये. त्यांना 'बाबा, धीर धरा' म्हणून काही होणार नाही. काम दे. वही त्यांच्याकडे दे. रोज सकाळी आईचं वजन त्यांनी लिहायचं, औषधांच्या पट्ट्या त्यांनी लावायच्या. बेस्टच्या बससेवेत तीस वर्षं वेळापत्रक सांभाळलेला माणूस आहे, गोळ्यांच्या वेळा तुझ्यापेक्षा ते चांगल्या सांभाळतील. डोंबिवलीहून ताई शनिवार-रविवार येऊ दे आणि ती आली की तू घराबाहेर पड. कोपऱ्यावर चहा पी, मित्राकडे जा, नुसता चौपाटीवर बस. सगळं मीच केलं पाहिजे, असं मुलांना वाटतं, मुलगे असले तर जास्तच. मग तीन महिन्यांत तेच आजारी पडतात.

आणि आईला पाटावरची मूर्ती करू नका. तिला बसून भाजी निवडता येत असेल तर निवडू दे. तुझ्या शर्टाला बटण लावायला मागितलं तर दे. डोक्यावरचे केस जायला लागतील, बहुधा पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत. तुझ्या आईची वेणी मला आठवते, शाळेच्या गॅदरिंगला ती अबोलीचा गजरा माळून यायची. तिला आधी विचार, आपणच बारीक कापून घेऊया का? ती 'हो' म्हणाली तर न्हावी घरी बोलाव आणि तू शेजारी बस. मुलग्यानं हे बघायचं नसतं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता देवाचं. तू लिहिलंस, 'बाई, आई इतकी करते देवाचं, तरी तिलाच का?' मी याचं उत्तर देऊ शकत नाही आणि जो देईल त्याच्यापासून तिला लांब ठेव. भेटायला येणाऱ्यांत एक तरी बाई असं म्हणेल की हे मागच्या जन्मीचं काहीतरी आहे, भोगून संपवायला हवं. माझ्या वडिलांना एका नातेवाइकाने तसं सांगितलं होतं, वर तंबाखूचा दोषही देऊन गेला. त्यानंतर दादांनी दुखतंय म्हणणं बंद केलं. भोग आहे तर सोसलाच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. रात्रभर तोंडावर टॉवेल दाबून बसायचे. शेवटी एका नर्सच्या लक्षात आलं, डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं आणि कित्येक आठवड्यांनी ते सलग झोपले. वेदना सोसण्यात पुण्य नाही, बाळा. आईला दुखलं तर तिनं बोललंच पाहिजे आणि तू ते डॉक्टरांपर्यंत पोचवलंच पाहिजे. वेदना कमी करणारा पॅलिएटिव्ह केअरचा विभाग फक्त शेवटासाठी नसतो, तो पहिल्या दिवसापासून उपचारांबरोबर चालू शकतो. ते नाव ऐकून घाबरू नका.

मामा गावी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालणार आहे ना? घालू दे. आईला त्यानं बरं वाटेल, तिच्या माहेरची सगळी माणसं तिच्यासाठी देवळात उभी राहिली, हे तिला कळू दे. पण ऑपरेशनची तारीख कौलावर ठरायची नाही आणि अमावास्या आहे म्हणून केमो पुढे जायचा नाही. मामानं झाडपाला आणला तर त्याचा अपमान करू नकोस, पुडी घेऊन ठेव आणि डॉक्टरांना दाखव. काही पाल्यांनी यकृतावर ताण येतो, काहींनी केमोच्या औषधात बाधा येते. आईचे उपास मात्र थांबव. संकष्टी, एकादशी, सगळे. ती ऐकणार नाही. तिला सांग, तुझा उपास आम्ही धरतो. आणि खरंच धर. माझ्या आईनं दादांसाठी धरलेले उपास आम्ही तिच्याकडून वाटून घेतले होते.

नवस बोलायचा की नाही, हे तुझ्यावर सोडते. मी विठ्ठलाला बोलले होते. दादा बरे झाले तर पंढरीला चालत येईन. दादा बरे झाले नाहीत. दोन आषाढ्या मी वडाळ्याच्या देवळाकडे फिरकलेही नाही. आज मला वाटतं, मी त्याच्याशी सौदा केला होता, म्हणून फसवल्यासारखं वाटलं. दादांनी सौदा केलाच नव्हता. ऑपरेशननंतर त्यांना गाता येत नव्हतं, शब्द फुटत नव्हता. दर गुरुवारी मंडळ आमच्या खोलीत यायचं, दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसायची आणि दादा गोधडीवर बोटांनी ठेका धरायचे. एकदा बुवा जरा घाईत गेले तर दादांनी बोट उचलून त्यांना थांबवलं आणि लय पुन्हा खाली आणली. आजारपणातला त्यांचा तेवढाच एक हुकूम मला आठवतो. विश्वासानं काय होतं असं तू विचारशील, तर माझ्याजवळ ही एक आठवण आहे, दुसरं काही नाही.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. नवससायासांवर कीर्तनांतून आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या बाबांच्या नावानं तिथे गावोगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. रिटायर झाल्यापासून मी आठवड्यातून एकदा जाते, मुलांचा अभ्यास घेते, पत्रं-अर्ज लिहून देते. आईला जरा बरं वाटलं की तूही ये. तिथे कुणी तुला धीर धर म्हणणार नाही. केमोनंतर आमटी कडू लागते तेव्हा काय करायचं, हे मात्र भंडाऱ्याहून आलेली एखादी मावशी चटकन सांगेल.

आईशी आज-उद्या बोल. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती निवांत असते ना, तेव्हा. बाबांना शेजारी बसव. रडू आलं तर तिच्यासमोरच रड.

पहिला केमो गुरुवारी म्हणालास. मी सकाळी आठला परळला गेटपाशी असेन. दुपारपर्यंत तिच्याजवळ मी बसते, तू बाहेर जाऊन पोटभर जेव. मऊ भात आणि मेतकूट घेऊन येईन. तिला आणखी काय खावंसं वाटतंय ते बुधवारी विचारून मला कळव.

तुझी,
बाई