पेशींच्या आधी जाळं बघ

नवीन आहेस म्हणून सांगतो, सगळं लक्ष पेशींवरच घालू नकोस. पेशींबाहेरचं जाळं (एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स), म्हणजे पेशींना धरून ठेवणारं प्रथिनांचं विणकाम, हे नुसतं भरताड नव्हे. शरीरातल्या प्रथिनांपैकी साधारण 30 टक्के एकटं कोलॅजेन, म्हणजे या जाळ्यातलं मुख्य तंतुमय प्रथिन, असतं.

सुरुवात स्कर्व्हीपासून कर. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजेनच्या तीन पदरांचा पीळ नीट बसत नाही. मग हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. एवढं कळलं की अर्धा विषय हातात आला.

मग सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण साचून बिघडलेल्या, यकृताची मॅसन ट्रायक्रोम पद्धतीने रंगवलेली स्लाइड मागून घे आणि निवांत बघ. निळे पट्टे पेशींच्या बेटांना वेढून बसलेले दिसतील. तो निळा रंग कोलॅजेनचा. जखम भरायला आलेलं जाळं वेळेत आवरलं गेलं नाही, की असा व्रण साचतो.

जाळ्याचा कडकपणाही विसरू नकोस. 2006 साली एंग्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मऊ जेलवर मूळपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल्स) चेतापेशींच्या वळणावर जातात, कडक जेलवर हाडाच्या. स्तनातली गाठ हाताला टणक लागते तीही बरीचशी या जाळ्यामुळेच. म्हणून प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींच्या निकालांवर (माझ्यासुद्धा!) डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, ते प्लास्टिक कुठल्याही मऊ ऊतीपेक्षा कितीतरी पट कडक असतं.

आणि कोलॅजेनचे 28 प्रकार आत्ताच पाठ करत बसू नकोस. एक, दोन, तीन आणि चार पुरेत.