जर्मनीत नुकत्याच गेलेल्या मुलाने डिपॉझिटसाठी घरमालकावर दावा लावावा का?

तुमचा मुलगा आठ महिन्यांपूर्वी स्टुटगार्टला गेला, पहिलं घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधले 1200 युरो कापले, आता तो वकील शोधतोय आणि तुम्ही विचारताय, लावू द्यावा का. माझं उत्तर: आत्ता नको. मी तिथे सहा वर्षं काढून कोथरूडला परत आलोय. माझे 1140 युरो अडकले होते आणि मीही अशाच बाह्या सरसावल्या होत्या.

माझं प्रकरण हळदीचं. ओट्यामागच्या भिंतीवर फोडणीचे पिवळे शिंतोडे आणि हॉलच्या लाकडी फरशीवर हातभर चरा. शिंतोडे माझेच, कबूल. चरा मात्र आधीच्या भाडेकरूचा. पण घर ताब्यात घेताना खोल्यांच्या अवस्थेचा एक कागद भरतात, यूबरगाबे प्रोटोकॉल. त्यात 'दोष नाहीत' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही. मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झालेला मी! पण दोन बॅगा, अपुरी झोप आणि समोर घड्याळ बघत उभा असलेला मालक, अशा वेळी कोण ओळ न् ओळ वाचतं?

खरं सांगायचं तर पैशापेक्षा 'परका बघून मला गुंडाळलं' हे जास्त झोंबलं होतं. मानपानासाठी कोर्टात जाण्यात आपण पुणेकर तसे जुने खेळाडू. जगातला सर्वांत लांबलेला दावा म्हणून गिनेस बुकाने पुण्याचाच नोंदवला होता. 1205 साली लावलेला, निकाल 28 एप्रिल 1966 ला, आणि वाद काय, तर समारंभात आणि सणात अग्रमान कोणाचा! साडेसातशेहून जास्त वर्षांच्या त्या हिशोबाचं खरंखोटं गिनेसवालेच जाणोत, पण वृत्ती ओळखीची वाटते.

आईने फोनवर 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ऐकवलं. रागावलेल्या माणसाला म्हणी पटत नाहीत, आकडे पटतात. ते वकीलबाईंनी दाखवले. (पहिल्या सल्ल्याची फी खाजगी ग्राहकाला कायद्याने जास्तीत जास्त 190 युरो आणि वर कर, हे मुलाला सांगून ठेवा.) तिकडे हरणाऱ्याने दोन्हीकडचे वकील आणि कोर्टाची फी भरायची. फीचा तक्ता दाव्याच्या रकमेवर ठरतो. बाईंनी माझ्याच पत्राच्या पाठीवर बेरीज मांडली: 1140 च्या दाव्यात हरलो, तर खर्च हजाराच्या थोडा वर. जिंकलो तर ठीक. पण शिंतोडे माझे आणि चरा वादाचा, म्हणजे निम्मंच मान्य होण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. 570 मिळणार, 500 च्या वर जाणार. उरलेल्या पन्नासेक युरोंसाठी वर्षभर तारखा सांभाळायच्या, त्यातून कोर्टाची भाषा जर्मन, म्हणजे अनुवादाचा खर्च वेगळा. कोर्टाची फीही दावा लावणाऱ्याने आधी भरायची असते.

न्यू जर्सीचा मावसभाऊ मात्र 'ठोक दावा' म्हणत होता. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत साधारणपणे जो तो आपापल्या वकिलाचे पैसे भरतो, आणि कॅलिफोर्नियाच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात तर बहुतेक वकिलाला उभंच राहता येत नाही. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात चालवायला गेलं की नवखा माणूस तिथेच फसतो.

मी शेवटी भाडेकरू संघाचा, मीटरफेराइनचा, सभासद झालो. वर्षाची वर्गणी वकिलाच्या एका भेटीपेक्षा कमी. त्यांच्या माणसाने कागद पाहिले, दीड पानी पत्र लिहिलं, आणि तीन आठवड्यांत 650 युरो खात्यात आले. बाकीचे मी सोडले. अजूनही कधीतरी आठवलं की चिडतो, ती गोष्ट वेगळी.

कोर्ट खर्चाचा विमाही तिथे मिळतो, पण आधीच झालेल्या भांडणाला तो चालत नाही आणि बऱ्याच प्रकारांत तीन महिने थांबावं लागतं. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पुढच्या घरासाठी मात्र जरूर घ्यावा.

एका बाबतीत मी उलटं सांगेन. नोकरीवरून काढलं, तर थांबायचं नाही. बडतर्फीचं पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे पहिल्या पायरीवर हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी तुमच्यावर येत नाही. व्हिसाची धास्तीही नको. डिपॉझिटचा दिवाणी दावा लावला म्हणून तो रद्द होत नाही.

आता मुलाने काय करायचं? कापलेल्या प्रत्येक रकमेचा हिशोब लेखी मागायचा, चौदा दिवसांची तारीख घालून, रजिस्टर पोस्टाने. रंगाचे पैसे कापले असतील तर घर मिळालं तेव्हा रंगवलेलं होतं का, ते बघा. नसेल आणि त्याची भरपाईही दिली नसेल, तर सोडताना रंगवून देण्याची अट लागू होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2015 मध्ये ठरवलंय. घाई करू नका, अशा मागणीला, ती ज्या वर्षी उभी राहिली ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं मुदत असते. आणि सगळ्यात आधी तो प्रोटोकॉल शोधायला सांगा. माझा मला वॉशिंग मशीनच्या वॉरंटीच्या पाकिटात सापडला होता.