'टू सर्व्ह मॅन'चे मराठी नाव

प्रश्न असा आला आहे: 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन मालिकेतील 'टू सर्व्ह मॅन' या भागाचे नाव मराठीत 'मानवाला सेवा देण्यासाठी' असे केलेले वाचले. ते योग्य आहे का, की 'मानवसेवन' म्हणावे, आणि 'सेवा' व 'सेवन' एकाच मुळाचे आहेत का?

'मानवाला सेवा देण्यासाठी' हे मराठीच नव्हे. सेवा करतात. ती 'देण्याची' रीत जाहिरातींतून आली आणि आता रुग्णांची व आईवडिलांचीही सेवा 'दिली' जाऊ लागली आहे. याच घराण्यातला दुसरा अपराध म्हणजे पाककृतीच्या शेवटी हटकून येणारे 'गरमागरम सर्व्ह करा'. पानात वाढण्यासाठी घरचा शब्द असताना तो लिहिण्याची लाज का वाटावी, हे मला उमगत नाही. आणि या भागाची सगळी कळ तर नेमकी त्याच शब्दात आहे.

२ मार्च १९६२ रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवलेला हा भाग डेमन नाइट यांच्या १९५० सालच्या कथेवरून रॉड सर्लिंग यांनी लिहिला. नऊ फूट उंचीचे कॅनामिट नावाचे परग्रहवासी पृथ्वीवर येतात, नापीक जमिनी पिकत्या करतात, स्वस्त ऊर्जा देतात, युद्धे निरर्थक करून टाकतात. त्यांचा एक ग्रंथ मागे राहतो. संकेतलिपीच्या तज्ज्ञांना आधी त्याचे नावच तेवढे उलगडते, 'टू सर्व्ह मॅन', आणि लोक निर्धास्त होऊन त्यांच्या ग्रहावर सहलीला निघतात. उरलेला ग्रंथ उलगडतो तेव्हा तो पाकशास्त्राचा निघतो: 'सर्व्ह' म्हणजे सेवा करणे नव्हे, पानात वाढणे. साठ वर्षे उलटून गेल्यावर रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावू नये.

आता 'सेवा' आणि 'सेवन'. होय, दोन्ही संस्कृत 'सेव्' धातूचीच रूपे आहेत. जवळ राहणे, आश्रय घेणे, मग परिचर्या करणे, उपभोग घेणे आणि शेवटी पोटात घेणे, असा त्या धातूच्या अर्थाचा प्रवास आहे. गुरू, वन, वारा आणि औषध ही सगळी त्याची कर्मे होऊ शकतात. (जाता जाता: इंग्रजी 'सर्व्ह' आणि आपली 'सेवा' ही भावंडे असल्याचे काही मंडळी ठामपणे सांगतात. तो इंग्रजी शब्द गुलाम या अर्थाच्या लॅटिन 'सर्व्हस'वरून आला आहे. ध्वनिसाम्यावरून नाते जोडायचे तर मग काहीही जोडता येईल.)

या भागावर समीक्षक नेहमी एक आक्षेप घेतात: परग्रहावरच्या भाषेतला श्लेष इंग्रजीत जसाच्या तसा कसा उतरला, तिथल्या शब्दालाही तेच दोन अर्थ असणे अशक्य आहे. हा आक्षेप एकच भाषा जाणणाऱ्यांचा आहे. परिचर्येपासून भक्षणापर्यंतचा पल्ला संस्कृतातील एका धातूने कोणताही श्लेष योजलेला नसताना गाठला असेल, तर कॅनामिटांच्या भाषेने का गाठू नये?

तरीही नाव म्हणून 'मानवसेवन' चालणार नाही. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण आजच्या मराठीत 'सेवन' म्हटले की मद्याचे किंवा औषधाचेच आठवते, त्यामुळे रहस्य पहिल्याच क्षणी फुटते. 'मानवसेवा' म्हणावे तर ते कधीच फुटत नाही. माझ्या मते खरे नाव आहे 'माणूस वाढावा'. अकर्मक घेतले तर माणसाची भरभराट व्हावी अशी सदिच्छा. सकर्मक घेतले तर 'भात वाढावा' या चालीवर माणूस पानात वाढावा, आणि कोणी वाढावा हे सांगणारा कर्ता वाक्यातून गायब. कथेचा क्रमही तोच आहे: आधी भुकेलेल्या पृथ्वीला पोटभर खाऊ घालून माणूस वाढवला जातो, मग वाढला जातो. यानात डांबलेल्या नायकालाही शेवटी भरपूर खाण्याचा आग्रह होतो, कारण त्याचे वजन घटून चालणार नसते.

हे दोन 'वाढणे' एकाच मुळाचे मानण्याचा प्रघात आहे, आणि तेथेच माझे बिनसते. वृद्धीचे 'वाढणे' 'वृध्' धातूचे, 'वर्धते'चे प्राकृत 'वड्ढइ' होऊन आलेले. त्याबद्दल वाद नाही. पण धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दुसराही एक धातू आहे: 'वर्ध छेदनपूरणयोः', म्हणजे कापणे आणि भरणे. लाकूड कापणारा सुतार तो 'वर्धकि', त्याचाच हिंदीत 'बढई' झाला. मनुस्मृतीत जातकर्म, म्हणजे मूल जन्मल्यावरचा संस्कार, 'नाभिवर्धना'पूर्वी करावे असे सांगितले आहे, आणि तेथे वर्धन म्हणजे नाळ कापणे. पान भरणे हे पूरणच. म्हणून पानात वाढणे या दुसऱ्या धातूचे, असे माझे मत आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी दोन्ही धातू मराठीत एकाच रूपाला पोहोचतात, त्यामुळे घोटाळा होणे साहजिक आहे.

छेदनाचा अर्थही आपल्याकडे जिवंत आहे, असे मी म्हणतो: नारळ वाढवतात, बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढते. यावर विद्वानांचे ठरलेले उत्तर असे की अशुभ टाळण्यासाठी तुटण्याला 'वाढणे' म्हटले गेले, आणि पुराव्यादाखल दुकान बंद करण्याला हिंदीत 'दुकान बढाना' म्हणतात ते पुढे केले जाते. दुकानाचे मला मान्य आहे, कारण तेथे काही तुटत नाही. बांगडीबद्दलही ओढूनताणून मान्य करीन. परंतु देवापुढे नारळ फोडणे हे मुळातच मंगल कृत्य असताना तेथे कोणते अशुभ झाकायचे होते, हे या मंडळींनी आजवर समाधानकारकपणे सांगितलेले नाही. तोवर कापणे, भरणे आणि पानात घालणे या तिन्ही क्रिया एका धातूत सापडतात, हे कॅनामिटांच्या ग्रंथाचे नाव ठरवणाऱ्याने विसरू नये.

आणि नावात 'माणूस'च ठेवावा. 'मानव वाढावा' हे शासकीय परिपत्रकाचे शीर्षक वाटते, आणि मानव कोणी पानात वाढत नाही.