जुन्या मिस्त्रींना जुने ट्रक आणि जुने पाने का सोडवत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सासऱ्यांचं ट्रकचं गॅरेज बंद होऊन बराच काळ झाला, तरी पान्यांची लोखंडी पेटी ते भंगारात देऊ देत नाहीत, आणि रस्त्यात एखादा जुना टाटा बारा-दहा (१२१०) मॉडेलचा ट्रक दिसला की त्याच्याजवळ थांबून राहतात. हा नुसता हळवेपणा आहे की त्यामागे काही कारण आहे, असं तुम्ही विचारलंत. मी पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो, तिथेच मिस्त्री झालो, आणि आजही ट्रकचंच काम करतो. माझ्या मते कारण आहे आणि ते भक्कम आहे. त्या गाड्यांचा बिघाड माणसाला स्वतःच्या कानाने आणि हाताने शोधता यायचा, आणि ती विद्या मिस्त्रीच्या मालकीची होती.

जुन्या टाटा ट्रकमधलं ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे साधारण पावणेसहा लिटर. बाजूला मायको कंपनीचा डिझेल पंप आणि त्यातून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सहा नोझलना गेलेले सहा पाइप. गाडी मिसिंग करत, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटता, आली की इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका पाइपचा नट जरासा ढिला करायचा. ढिला केल्यावर इंजिन लडखडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. पुढे नोझल काढून तपासायचा, ठीक निघाला तर व्हॉल्व्ह, मग रिंगा. एक रुपयाचाही भाग न बदलता पाच मिनिटांत कळायचं की घोळ कुठल्या भांड्यात, म्हणजे सिलिंडरात, आहे.

मग आवाज. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, आवाज वरून येतो, बारीक आणि एकसारखा. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) बेअरिंगचा ठोका खालून येतो, जड असतो आणि लोड आला की वाढतो. पिस्टन वाजत असेल तर थंड इंजिनात जास्त वाजतो आणि गरम झालं की दबतो. हे सगळं आवाजात एकमेकांत मिसळलेलं असतं, ते वेगळं करायला शिकणं हेच खरं शिक्षण होतं. आमचे वस्ताद गाडी गॅरेजच्या दारात वळायच्या आधीच सांगायचे की हिचं हेड उतरवावं लागणार.

टॅपेट धरण्याचंही, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट बसवण्याचंही, तसंच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले की पहिल्याचे टॅपेट धरायचे, दुसऱ्याचे हलले की पाचव्याचे, चौथ्याचे हलले की तिसऱ्याचे. हा हिशोब कागदावर कोणी लिहून ठेवत नसे. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची, पाती ओढताना किती अडली पाहिजे, हे वस्ताद आधी स्वतः ओढून दाखवत, मग तीच पाती आपल्या हातात देत. आपली बोटं आणि त्यांची बोटं एकाच मतावर येईपर्यंत हे चालायचं.

आता नवा ट्रक बघा. जुन्या नोझलचं प्रेशर दोनशे बारच्या आसपास असायचं. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) ते १६०० बार आणि त्याच्याही वर जातं. चालू इंजिनात या पाइपचा नट ढिला केलात तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते, हात गमवायची पाळी येते. म्हणजे ज्या हातखंड्यावर आमची पिढी मिस्त्री झाली, तोच आज पोरांना पहिल्या दिवशी निषिद्ध म्हणून सांगावा लागतो. मी सांगतो, आणि सांगताना प्रत्येक वेळी पोटात काहीतरी हलतं. इंजेक्टर (नव्या गाडीतला नोझल) बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, भरून द्यावा लागतो, त्यासाठी स्कॅनर हवा, आणि स्कॅनरमधले काही कप्पे कंपनीच्या परवानगीशिवाय उघडत नाहीत. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाडीत धूर साफ करायचा युरिया संपला तर गाडी स्वतःहून ताकद कमी करते. बिघाड समोर दिसत असतो, समजलेला असतो, आणि तरी हात लावायला दुसऱ्याची चावी लागते. तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला हेच सलत असणार.

नव्या गाड्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. जुन्या बारा-दहाच्या केबिनमध्ये उन्हाळ्यात इंजिनाची धग पायांना भाजायची. पॉवर नसलेलं स्टिअरिंग घेऊन भरलेली गाडी खंबाटकी घाट चढवणं म्हणजे खांदे मोडून घेणं होतं. धूर तर विचारूच नका. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे फार आधी व्हायला हवं होतं. म्हणूनच जुन्या ड्रायव्हरांना त्या गाड्यांची तेवढी ओढ नसते जेवढी मिस्त्रींना असते. ड्रायव्हरने त्या गाड्या सोसल्या. मिस्त्रीने त्या उघडून आतून पाहिल्या.

पेटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती भंगारात द्यायचा विचार तुमच्या घरात चालू आहे असं दिसतं. जुन्या पेटीत सहसा तीन मापांचे पाने एकत्र नांदतात. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स डॉज आणि फार्गो ट्रक बनवायची, त्यांना इंची पाने. त्या काळचे मिस्त्री सुतात बोलायचे: इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्धा इंच. काही जुन्या ब्रिटिश यंत्रांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं, आणि त्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, अमेरिकन पान्यावरचा मात्र नटाच्या रुंदीचा. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना अर्धा इंच लिहिलेल्या अमेरिकन पान्याच्या जागी सैल फिरतो. नवशिक्याने तो घेतला की नटाचे कोपरे गेलेच. आणि १९५४मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून मिलिमीटर आले. जर्मन मापात १० मिमीच्या बोल्टला सतराचा पाना आणि १२ मिमीच्या बोल्टला एकोणीसचा. सासऱ्यांच्या पेटीत हे दोन नंबर सगळ्यांत जास्त झिजलेले असतील, बघा. १९६९मध्ये तो करार संपला आणि टाटाच्या ट्रकवरून मर्सिडीजचा तारा गेला, पण आमच्याकडे जुनी माणसं पुढेही कितीतरी वर्षं टाटाच्या ट्रकला बेंझच म्हणत राहिली.

पेटीत काही पाने वेडेवाकडे दिसतील. ते टाकाऊ नव्हेत. एखादा रिंग पाना भट्टीत तापवून मुद्दाम वाकवलेला असतो, कारण मॅनिफोल्डच्या मागचा एक नट सरळ पान्याने सुटतच नाही. एखाद्या फिक्स पान्याचं तोंड घासून पातळ केलेलं असतं. झिजलेल्या कानशीचे दात घासून बेअरिंग खरवडायचं स्क्रॅपर केलेलं असतं. तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा ठोकून टायर उचलायची पट्टी केलेली असते. ही हत्यारं कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. प्रत्येक वाकडं हत्यार एका विशिष्ट गाडीच्या एका विशिष्ट अडचणीचं उत्तर असतं, आणि ते उत्तर सध्या फक्त तुमच्या सासऱ्यांना माहीत आहे. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसा, एकेक पाना हातात घेऊन हा कुठल्या कामाचा म्हणून विचारा, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. पाने डिझेलने पुसून वर हलका ऑइलचा हात फिरवला तर गंजणार नाहीत. पॉलिश पेपर मात्र मारू नका, नंबर जातात. भंगारवाला हे सगळं किलोवर नेईल. तेच पाने पुण्याच्या जुन्या बाजारात लोक निवडून निवडून घेतात, त्यात तरुण पोरंही असतात. मी स्वतः तिथून घेतलेला एक जाड दांड्याचा एकोणीस आजही रोज वापरतो.

गाड्यांचं काय, तर तिथे मला खरोखर वाईट वाटतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण तो दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. मालट्रक त्यात बसत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या जातील, त्या जपाव्यातच. पण या राज्याचा ऊस, कांदा, सिमेंट ज्यांच्या पाठीवरून गेलं ते ट्रक वजनावर तोडले जातात. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेलेली एसटीची पहिली बस बेडफर्ड होती, एवढं तरी सगळ्यांना माहीत असतं, कारण एसटीने ती आठवण जपली. ट्रकची आठवण ठेवायला तसं कोणी नाही. एखादा जुना बेंझ किंवा फार्गो इंजिनासकट, चालू अवस्थेत, पोरांना उघडून बघता येईल असा आयटीआयच्या आवारात ठेवला, तर डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला त्याहून चांगला फळा मिळणार नाही.

तोवर सासऱ्यांना चालती जुनी गाडी दाखवायची असेल तर दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूर भागातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या यार्डात घेऊन जा. उसाच्या रांगेत अजून बऱ्याच जुन्या टाटा उभ्या दिसतात. सकाळी लवकर पोचा. रांग पुढे सरकताना गाड्या बंद-चालू होत असतात, तेव्हा ड्रायव्हर बॉनेट उघडू देतात, आणि मिस्त्री आहे म्हटलं की दोन तक्रारी स्वतःहून सांगतात. सोबत फिलर गेज आणि सतरा-एकोणीसचे पाने असू द्या.