तर्रीतला लसूण

*ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. बाबांचा लसणाचा व्यापार होता. सातवी ते नववी वर्गातल्या तिघी मला ‘लसूण’ म्हणायच्या. मी डबा उघडला की नाक धरायच्या, बाकावरून सरकून बसायच्या. परवा रविवारी नवऱ्याच्या मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो होतो. एकजण म्हणाला, “आज तर्रीत लसूण जोरात आहे!” सगळे हसले. मी उठून गाडीत जाऊन बसले आणि तीन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्यातच त्या तिघींपैकी एकीने मला शाळेच्या ग्रुपवर घेतलंय: “ए लसूण, ओळखलंस का?” गेट-टुगेदर ठरतंय. नवरा म्हणतो, लहानपणीचं काय धरून बसतेस. मी खरंच कोत्या मनाची आहे का?*

नाहीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तुझं पत्र बरंच मोठं होतं, इथे कापून छापलंय. त्यात ‘माझंच काहीतरी चुकत असेल’ हे चार वेळा आलंय. त्या तिघींचं चुकलं, असं एकदाही नाही. तीन वर्षं रोज मधल्या सुट्टीत एकच धडा गिरवून घेतला की तो पाढ्यांसारखा पाठ होतो गं.

तू लिहिलंयस, फोडणी झाली की लसणाचा वास जावा म्हणून अजूनही हात स्टीलच्या नळावर घासतेस, आणि तेवढ्यात नवरा मागून आला तर बाजूला होतेस. इथे मी थांबले. तेव्हा त्या सरकायच्या. आता कुणी सरकायच्या आत तूच सरकतेस. तेराव्या वर्षी ते शहाणपणच होतं, दुसरा उपाय तरी काय होता तुझ्याकडे? पण त्या बिचाऱ्याने कधी नाक धरलेलं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, बायको आपल्यापासून का सरकते हे त्याला माहीतच नाही.

आणि हे फक्त तुझं नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग संशोधकांनी पन्नाशीपर्यंत ठेवला. २०१४ साली जे निष्कर्ष छापून आले त्यात दिसलं, की सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार छळलं गेलं होतं, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंता जास्त होती, आणि पन्नाशीला जोडीदाराबरोबर राहणारे कमी होते. तू तर चौतिशीची आहेस.

नवऱ्याला सांग. पण ‘शाळेत मला चिडवायचे’ एवढ्यावर भागवू नकोस. ते ऐकून प्रत्येकाला स्वतःची गंमतच आठवते. चिडवाचिडवी दोन्हीकडून चालते. इथे त्या तिघी आणि तू एकटी होतीस. डबा, नाक, बाक, सगळं सांग. स्वयंपाकघरात नको. गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर ने त्याला. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं. आणि एक कडू बोलते: तीन दिवसांच्या अबोल्याबद्दल त्याची माफी माग. त्याचा काही गुन्हा नव्हता. यापुढे शंका आली की त्याच संध्याकाळी विचार, “ते माझ्यावर हसले का?” सुरुवातीला त्याचं उत्तर पटणार नाही. पण सारखं सारखं विचारावं लागायला लागलं, तर तो भार एकट्या नवऱ्यावर टाकू नकोस, समुपदेशकाकडे जा. सुरुवात म्हणून टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता ग्रुप. तिला वेगळा मेसेज कर, दोनच ओळींचा: “मला या नावाने हाक मारू नकोस. तेव्हाही आवडत नव्हतं.” हसरा चेहरा टाकायचा नाही. (आपण बायका भांडणाच्या मेसेजलाही हसरा चेहरा चिकटवतो.) ती मनापासून सॉरी म्हणाली तर पुढचं ठरव. “अगं, गंमत होती ती!” असं आलं तर ग्रुप सोड. गेट-टुगेदरला गेलंच पाहिजे असं काही नाही. ‘माफ करून टाक, मोकळी होशील’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या डब्यावर कुणी नाक धरलेलं नसतं.

राहता राहिली आईच्या हातची लसणाची चटणी. डब्यात तीच असायची, आणि लग्नानंतर तू ती एकदाही केली नाहीस, असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. मला कृती पाठव. खोबरं किती भाजायचं तेही लिही. पण आधी घरी करून बघ, नवरा घरात असताना.